चेकर म्हणाले, चलात

चेकरांच्या हातात काहीही द्या, ते घेऊन आधी खिडकीशी जायचे. डावा डोळा मिटायचा, वस्तू उजेडापुढे धरायची, सावकाश फिरवायची आणि मग म्हणायचं, "उजेडात धरल्याशिवाय काय समजत नाय, बाई." वस्तू कोणती याच्याशी त्यांचं देणंघेणं नसे. मासे घातलेली प्लॅस्टिकची पिशवी असो, मिठाचा खडा असो, नाहीतर माझ्या भाचीला सांगून आलेल्या मुलाचा फोटो. त्या फोटोवरसुद्धा त्यांनी डोळा मिटला. म्हणाले, मुलगा बरा दिसतो, पण फोटो जुना आहे, एवढे केस आता नसणार. नव्हतेच. भाचीने पुढे त्या टकल्याशीच लग्न केलं आणि सुखात आहे, ती गोष्ट वेगळी.

लालबाग-परळच्या बाजूला तुमचा वावर असेल तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गिरण्या बंद पडल्या, पण यांचे हात तिथेच राहिले. आमच्या वाण्याकडे पुड्या बांधायला एक जुना साचेवाला, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारा, होता. तो गप्पा मारता मारता सुतळीला एका हाताने गाठ मारायचा. तसे हे फोल्डिंग खात्यातले. तयार कापडाचा तागा तिरक्या टेबलावरून खाली सरकायचा आणि हे त्यातला तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टा शोधून खूण करायचे. उभं आयुष्य दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची नोकरी. आम्ही त्यांना चेकर म्हणायचो. त्यांना ते आवडायचं, कारण गिरणीतही त्यांना तेच म्हणत.

मग संप झाला. त्याबद्दल मी शहाणपणाने बोलावं असं काही नाही. मी दादरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि वर्गातली गिरणगावातली मुलं डबा न आणता यायला लागली, एवढंच मला तेव्हा दिसलं. चेकरांची गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही. त्यांनी पुढची काही वर्षं काय केलं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला भेटले तेव्हा ते दादरला काचेच्या टाक्या बनवणाऱ्या एका दुकानात कामाला होते. टाकी जोडून झाली की ती पाण्याने भरून वर्तमानपत्रावर ठेवायची आणि कागद कुठे ओला होतो ते बघायचं, हे त्यांचं काम. म्हणजे खोट काढायचंच.

मला खाऱ्या पाण्याच्या टाकीचं वेड कसं लागलं हे विचारू नका. एकटी बाई, शिवाजी पार्कच्या मागे दोन खोल्यांचं घर, पगार बरा. लोक कुत्रा पाळतात, मी समुद्र पाळला. त्या टाकीत प्रवाळ होतं, दोन नारिंगी जोकर मासे होते, आणि त्या सगळ्याला जगवण्यासाठी घातलेल्या शिव्या होत्या. गोड्या पाण्यातले मासे चूक माफ करतात. खाऱ्या पाण्यातलं प्रवाळ काही माफ करत नाही. मीठ जरा कमीजास्त झालं की ते आक्रसून बसतं, आणि एकदा मेलं की पांढरं हाड तेवढं उरतं.

असे वेडे आम्ही दहा-बारा जण होतो. दातांचे एक डॉक्टर, वरळीचं एक निवृत्त जोडपं, ठाकूरद्वारच्या एक विधवा काकू, आणखी कोणी कोणी. रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी जमायचं, टाकीसमोर खुर्च्या टाकायच्या, पोहे खायचे आणि भांडायचं. भांडणाचा विषय बहुतेक वेळा एकच. बाजारात तेव्हा टाकीची देखभाल करणाऱ्या तयार पद्धती यायला लागल्या होत्या. तीन बाटल्या आणि एक डबा. बाटलीवर निळा समुद्र. आठवड्याला एक झाकण ओता, पाणी बदलायची कटकट गेली, प्रवाळ दुप्पट वाढणार. कशावरून? तर बाटलीवर लिहिलंय म्हणून.

माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, ज्याला विकायचंय त्याने दाखवावं. दोन सारख्या टाक्या घ्या, एकीत औषध घाला, एकीत घालू नका, आणि काही महिने थांबा. एवढं साधं आठवीतल्या पोराला कळतं. दातांचे डॉक्टर म्हणायचे, अहो बाई, हा छंद आहे, उदबत्ती घेताना तुम्ही पुरावा मागता का? मी म्हणायचे, उदबत्तीने कोणी मरत नाही. तुम्ही दात उपटताना भूल कशी चालते ते बघूनच देता ना? त्यावर ते हसायचे आणि पुढच्या आठवड्यात नवी बाटली आणायचे.

शेवटी मी हट्टाने ठराव करून घेतला. नवीन काहीही आलं तरी आधी ते चेकरांच्या खोलीवर जाईल. ते तोवर आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या टाक्या धुवायला, पंप साफ करायला यायला लागले होते. दोन टाक्यांची पद्धत माझी, डोळा त्यांचा. त्यांनी परळच्या खोलीत दोन लहान टाक्या मांडल्या. पाणी एकाच पिंपातलं, दिवे सारखे, दोन्हींत सारखेच दगड, सारख्याच गोगलगाई आणि एकाच प्रवाळाचे दोन तुकडे. त्या टाक्यांना ते सवती म्हणायचे. "एकीला साडी आणली की दुसरीलापण तीच आणायची. नायतर न्याय कसला?" फक्त औषध तेवढं एकीलाच.

तीन-चार महिन्यांनी रविवारी ते यायचे, पोहे संपवायचे, हात धुवायचे आणि निकाल द्यायचे. मालवणीत 'चलात' म्हणजे चालेल. 'चलाचा नाय' म्हणजे नाही चालणार. याच्या पुढे एक शब्द नाही. एका कंपनीचा टाय लावलेला एजंट त्यांच्या चाळीचे तीन जिने चढून निकाल काय लागला ते विचारायला गेला होता. त्याला त्यांनी चहा पाजला, टाक्यांपुढे बसवलं आणि त्याच्याच हातात भिंग दिलं. म्हणाले, तुमीच बगा, कुठल्या टाकीत औषध आहे ते ओळका. त्याला ओळखता आलं नाही. बिचारा चहा पिऊन गेला.

गंमत वाटेल, पण आम्हा सगळ्यांच्यात त्यांचा शब्द चालायचा. डॉक्टर, इंजिनियर, बँकेतले, सगळे त्यांच्या दोन शब्दांसाठी थांबायचे. गिरणी गेल्यावर माणसाजवळ काय उरतं? खोली होती ती गावकीची, बायको गावी, अंगात दमा. होतं ते एवढंच, की चेकर म्हणाले म्हणजे ते तपासलेलं असतं. ते स्वतः हे कधी बोलले नाहीत. पण 'चलात' म्हणताना त्यांची मान जरा वर व्हायची. ते मला दिसायचं आणि बरं वाटायचं.

ती गावकीची खोली म्हणजे काय, हे आता नव्या लोकांना सांगावं लागतं. एका गावातले पुरुष मिळून चाळीतली एक खोली धरायचे. बायकामुलं कोकणात. खोलीत पंधरा-वीस जणांच्या ट्रंका, जेवण खानावळीत आणि झोप पाळीप्रमाणे. चेकर दिवसपाळीला, बाबल म्हणून त्यांच्याच वाडीतला एक साचेवाला रातपाळीला. दोघांत एक वळकटी. सकाळी हे उठून निघायचे तेव्हा तो दारात यायचा, आणि यांच्या अंगाने ऊबदार झालेल्या त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. संध्याकाळी उलट. वर्षानुवर्षं. सुट्टीचा दिवस सोडला तर दोघे एकमेकांना धड जागे भेटलेच नाहीत. चेकर हसून सांगायचे, बाबलचा चेहरा मला कमी माहीत, वास जास्त माहीत.

खोलीतले बाकी लोक एकेक करून गावी गेले. बाबलने मुंबई सोडली नाही. बायकोला घेऊन तो लांब कुठेतरी पत्र्याच्या घरात राहिला आणि काहीबाही विकायला लागला. प्लॅस्टिकच्या बादल्या विकल्या, डास पळवायच्या वड्या विकल्या, एकदा तर वजन कमी करायचा चहा विकला. तो चहा विकताना तो स्वतः इतका वाळलेला होता की लोकांना वाटायचं हा चहानेच असा झाला. चेकर हे सांगून हसायचे आणि मग उठून खिडकीशी जायचे. काहीच चाललं नाही. लोक त्याला दारात बघून दार लोटायला लागले.

आणि एका रविवारी हाच बाबल चेकरांच्या मागोमाग डॉक्टरांच्या घरी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत तीन बाटल्या आणि डबा. एका नव्या कंपनीने त्याला एजन्सी दिली होती. दहा ग्राहकांनी एकदम घेतलं तर एजन्सी कायम, नाहीतर महिन्याने दुसऱ्याला. तो आम्हाला सगळं समजावून सांगायला लागला. पाठ केलेलं होतं, मध्येच विसरायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. वरळीच्या काकूंनी त्याला पोहे दिले तर त्याने प्लेट हातातच धरून ठेवली.

मी नेहमीचं बोलले. आधी चेकरांच्या खोलीवर, मग आम्ही. बाबलने चेकरांकडे बघितलं. चेकर माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, महिनाभर थांबा, मी सांगतो. मी म्हटलं, महिन्यात काय समजणार? नेहमी तीन-चार लागतात. ते म्हणाले, समजंल.

त्या महिन्यात मी एकदा त्यांच्या खोलीवर गेले होते, त्यांना दम्याच्या गोळ्या द्यायला. ते घरी नव्हते, शेजारणीने दार उघडलं. सवती कोरड्या होत्या. एकीत कांदे भरले होते, एकीत लसूण. मी मनात म्हटलं, झालं वाटतं तपासून, भलतेच लवकर उरकलं. गोळ्या ठेवल्या आणि आले. महिना भरला त्या रविवारी चेकर आले. त्या दिवशी पोह्यांना हात लावला नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "चलात."

आम्ही सगळ्यांनी घेतलं. मीही घेतलं. चेकर चलात म्हणाले होते.

पहिले काही आठवडे काय पाणी होतं म्हणून सांगू! टाकीत पाणी आहे की नाही ते कळू नये इतकं स्वच्छ. काचेवर शेवाळं नाही, दगडावर घाण नाही. डॉक्टर मला फोन करून चिडवायचे, बाई, कुठे गेला तुमचा पुरावा? बाबल प्रत्येकाच्या घरी जाऊन टाकी बघून यायचा. माझ्याकडेही आला. टाकीसमोर हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, एवडा चांगला काय मी कदी इकला नव्हता.

मग एका सकाळी उठून पाहते तर टाकीत दूध सांडल्यासारखं पाणी. मासे वर, तोंडं आ वासून, हवेसाठी झगडत होते. मी पंप लावले, पाणी काढलं, नवं घातलं, शाळेत रजा कळवली. दुपारपर्यंत एक जोकर गेला. दुसरा मेलेल्याच्या भोवती फिरत राहिला आणि संध्याकाळी तोही. प्रवाळाचं कातडं दोन दिवस सालपटं निघावीत तसं गळत होतं. ज्याला वाढवायला मला सहा वर्षं लागली ते पांढरं होऊन बसलं. वास असा सुटला की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, काय मेलंय का?

माझ्या एकटीचंच नव्हतं. ज्यांनी ज्यांनी ते औषध नेमाने घातलं त्या सगळ्यांकडे त्या पंधरवड्यात हेच झालं. त्या बाटल्यांत पाण्यातले जंतू फोफावतील असं काहीतरी होतं. आधी त्यांनी घाण खाल्ली आणि मग पाण्यातला प्राणवायू खाल्ला. हे पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत बघून सांगितलं. दोन टाक्यांत तीन महिने ठेवलं असतं तर हे आम्हाला पोहे खाता खाता दिसलं असतं.

ठाकूरद्वारच्या काकूंकडे मी गेले. ती टाकी त्यांच्या नवऱ्याची होती. ते गेल्यावर काकूंनी ती नुसती सांभाळली नाही, त्यांच्याच वेळेला, त्यांच्याच चमच्याने माशांना खायला घातलं. काकू रिकाम्या टाकीजवळ स्टुलावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "आता सकाळी उठून काय करायचं गं?"  मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली आणि घरी आले.

त्या रविवारी पोहे कोणी केले नाहीत. डॉक्टर पेटले होते. कंपनीच्या पत्त्यावर ते जाऊन आले होते. तिथे कुलूप, पाटी काढलेली, शेजारच्या गाळेवाल्याला काही माहीत नाही. आता हाताशी होता तो फक्त बाबल. डॉक्टरांचा मेहुणा पोलिसांत होता. त्याला सांगून बाबलला आत टाकायचा, चार फटके पडले की मालक कोण ते बोलेल, असा एकूण रंग होता. वरळीचे काका सहसा आवाज चढवत नाहीत, तेही म्हणाले, असल्यांना सोडता कामा नये.

चेकर दाराजवळच्या खुर्चीत होते. त्यांनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा. डॉक्टर म्हणाले, बोला चेकर, तुम्ही तपासलं होतं की त्याने सांगितलं तेच आम्हाला सांगितलंत?

"मी तपासला," चेकर म्हणाले. "दोन्ही टाक्यांत. माजा डोळा गेला. वय झाला. बाबलची चूक नाय."

 माझ्या डोळ्यांपुढे ते कांदे आले, तो लसूण आला. मी तोंड उघडलं. चेकरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाने मला इतकी वर्षं काही मागितलं नव्हतं. त्या वेळी त्यांनी मान किंचित हलवली, नको म्हणून. मी तोंड मिटलं.

डॉक्टर खाली बसले. राग गेला नाही, पण आता तो कोणावर काढायचा ते त्यांना कळेना. दम्याने धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्यावर पोलीस कसे घालणार? वरळीच्या काकू हळू आवाजात म्हणाल्या, डोळा गेला होता तर सांगायचं नाही का हो आधी. चेकर उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाले. मी चप्पल पायात घालून त्यांच्यामागे गेले.

परळच्या पुलावर मी त्यांना गाठलं. ते कठड्याला धरून उभे होते, श्वास लागला होता. खाली त्यांच्या गिरणीची जागा दिसत होती, मोकळी, पत्रे लावलेली. मी रस्त्यात ओरडले. शिक्षिका असूनही माझी जीभ काय चीज आहे हे माझ्या वर्गाला विचारा. मी म्हटलं, खोटं बोललात. तपासलंच नाहीत. तुमच्या डोळ्याला काही झालेलं नाही, माझ्या ब्लाउजच्या हातोप्याची शिवण उसवलीय ती तुम्हाला आत्ता इथून दिसतेय. ठाकूरद्वारच्या काकूंचं घर बुडवलंत. आणि हे कोणासाठी, त्या चहावाल्यासाठी?

त्यांनी मला ओरडू दिलं. मग सांगितलं. संपाला बरेच महिने झाले होते. गिरणीने आत यायची हाक दिली होती, दगडफेकीच्या भीतीने जाळ्या लावलेल्या गाड्यांतून लोक कामावर जायला लागले होते. बाबलची मुलगी गावी आजारी. तो सकाळी वळकटीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, मी जातो आत, तू काय सांगतोस? चेकरांनी कुठल्यातरी सभेत ऐकलं होतं की आता आठ-पंधरा दिवसांत मिटतंय. त्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत मिटतला, खात्रीने सांगतो, जाऊ नको. बाबल गेला नाही. दिवाळी गेली. जे आत गेले त्यांतल्या काहींच्या नोकऱ्या राहिल्या, याची कायमची गेली. मुलगी गावी तापाने गेली, इथून काही पाठवायला नव्हतं. बाबलने त्यावरून यांना कधी एक शब्द लावला नाही.

 मग त्यांच्या नेहमीच्या मुंबईच्या मराठीत नाही, गावच्या बोलीत म्हणाले, "त्येना तेवा माका इचारल्यान नाय, खरा कशावरना म्हणान. मी सांगलंय आणि तो रवलो. आता तो माज्याकडे इलो, तर मी तेका काय सांगू? थांब, तीन महिने टाकीत घालून बगतंय?"

बाबलने तेव्हा यांच्याकडे पुरावा मागितला नव्हता, मग आता यांनी त्याच्याकडे कसा मागावा? तुम्हाला उत्तर असेल तर सांगा. मी अजूनही म्हणते की पुरावा मागायला हवा होता. काकूंच्या टाकीसाठी तरी हवा होता. आणि पुलावर उभी राहून मी ते त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, होय बाई, तुमचा बरोबर आहे. मग खोकत खोकत पूल उतरून गेले.

त्यानंतर त्यांना कोणी बोलावलं नाही. दुष्टपणाने नव्हे. ज्याने स्वतःच्या तोंडाने डोळा गेला म्हणून सांगितलं, त्याच्या हातात कोण टाकी देईल? बातमी काचवाल्या दुकानापर्यंत गेली. तिथे दुसरा माणूस ठेवला. रविवारच्या बैठका महिना-दोन महिने ओढूनताणून चालल्या आणि बंद पडल्या. माझी टाकी मी भंगारवाल्याला दिली. मी चेकरांकडे अधूनमधून जायचे, गोळ्या घेऊन. ते खिडकीशी बसलेले असायचे. एकदा मी शाळेच्या कपाटासाठी घेतलेलं भिंग त्यांच्या हातात दिलं, उगाच, बघावं म्हणून. त्यांनी ते न बघताच परत दिलं आणि म्हणाले, आता आमचा काय सांगणा बरोबर नाय. मला ते ऐकवेना.

पावसाळ्यानंतर दमा वाढला. सरकारी इस्पितळात जमिनीवर गादी मिळाली, मग खाट मिळाली, आणि खाट मिळाल्यावर दोन दिवसांत ते गेले. पुतण्या गावाहून आला होता. स्मशानात आमच्या बैठकीतली मी आणि ठाकूरद्वारच्या काकू, दोघीच. काकूंनी त्यांना हार आणला होता. मी काकूंना खरं काय ते सांगितलेलं नव्हतं. तिथे उभ्या राहून त्या म्हणाल्या, डोळा जाणं काय माणसाच्या हातात असतं का.

बाराव्या दिवशी माझ्या दाराची घंटा वाजली. दारात बाबल. गावाहून थेट आला होता, एसटीचा धुरळा अंगावर. कंपनी बंद पडल्यावर, टाक्यांचं त्याच्या कानावर जायच्या आत, चेकरांनीच त्याला घाईने गावी धाडलं होतं, हे मला माहीत होतं. त्याला काय सांगून धाडलं ते माहीत नव्हतं. मी आत बोलावलं. तो खुर्चीच्या काठावर बसला, टाकी जिथे होती त्या भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर चौकोनी डाग होता.

मग म्हणाला, चेकर त्याला गाडीत बसवताना बोलले होते की कंपनी बुडली ती मालकाच्या कर्माने, माल एक नंबर होता, सगळ्यांच्या टाक्या सुखात आहेत. तो गावी सगळ्यांना तेच सांगत आला होता. आयुष्यात दहा धंदे केले, दहाही फसले, पण एक वस्तू तरी मी चांगली विकली, असं तो बायकोला सांगायचा. आता येताना एसटीत त्याच्या मनात आलं की जोडीदार गेला, विचारायला बाई तेवढ्या उरल्या. म्हणून आला.

"बाई," त्याने विचारलं, "माल बरो होतो मा?"

मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि माहीत असेल ते सांगायला भिऊ नका. मला सगळं माहीत होतं. त्या पांढऱ्या पाण्याचा वास अजून माझ्या नाकात होता. समोर तो बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

मी म्हटलं, "हो, छान होता. टाकी मी जागा लागते म्हणून काढली."

त्याने कशावरून, कधी, कोणाला दिली, काही विचारलं नाही. मान हलवली, खुर्चीत मागे टेकून बसला आणि म्हणाला, सकाळपासून पोटात काही नाही, चहा मिळेल का.

मी चहा टाकला.